औषध मातीतलं आहे, म्हणून गोळी सोडायची का?

पत्र असं आहे :

"माझ्या मुलाचं वय २९. सव्वा वर्षापूर्वी पुण्यात त्याची किडनी बदलली. किडनी मीच दिली. आमची फलटण भागात डाळिंब आणि उसाची शेती आहे. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ टॅक्रोलिमसची गोळी घ्यावी लागते. हात थरथरतात, चहाचा कप धरता येत नाही, म्हणून वैतागतो. मध्यंतरी त्याने मोबाईलवर वाचलं की ही गोळी मातीतल्या जिवाणूपासून बनते. तेव्हापासून एकच धोशा. 'आई, जे मातीतच आहे ते गोळीतून कशाला घ्यायचं? मी शेतात काम करतो, मातीतल्या जिवाणूंच्या कॅप्सूल मिळतात त्या मागवतो आणि गोळ्या हळूहळू कमी करतो.' जाऊबाई म्हणतात, त्याची प्रतिकारशक्ती कमी झालीय, त्याला गुळवेलीचा काढा दे. मातीचं हे खरं आहे का? त्याला शेतात जाऊ द्यावं का? मी काही बोलले की घरात भांडण होतं. — एक आई"

ताई,

आधी तातडीचं. त्याने गोळ्या कमी करायला सुरुवात केली आहे का, हे आजच त्याला शांतपणे विचारा. केली असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ऑपरेशन झालं त्या रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकांना फोन करा आणि टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी व क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) लगेच तपासून घ्या. त्याला बरं वाटतंय, लघवी नीट होतेय, यावर जाऊ नका. शरीर नवी किडनी नाकारू लागतं तेव्हा बहुतेक वेळा काही दुखत नाही. क्रिएटिनिन गुपचूप चढत राहतं आणि सूज दिसेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. आणि रागावू नका. बोलणी बसली की मुलं पुढच्या वेळी सांगत नाहीत. चाचणीचा आकडा का बदलला हे डॉक्टरांना कळलं नाही, तर ते भलत्याच दिशेने शोध घेत बसतात.

आता तुमचा प्रश्न. त्याने वाचलं ते खरं आहे, आणि तसं त्याला मोकळेपणाने सांगा. भांडण निम्मं तिथेच संपेल. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबा पर्वताच्या परिसरातल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळालं. वर्ष १९८४, कंपनी फुजिसावा. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस त्सुकुबेन्सिस. हे स्ट्रेप्टोमायसिस कुळ तुम्हालाही परिचयाचं आहे, नाव माहीत नसेल एवढंच. वळवाच्या पहिल्या सरीनंतर जो मातीचा वास येतो, तो मुख्यतः या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, याच कुळातून आलं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांच्या गटाने तिथल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं होतं. म्हणजे मातीतून औषध निघतं ही फार मोठी आणि अभिमानाची गोष्ट आहे, आणि तुमच्या मुलाला तिचं आकर्षण वाटलं याचा मला आनंदच आहे.

त्याच्या गोळीची एक चुलत बहीण आहे, रॅपामायसिन. तिची हकीकत त्याला जरूर वाचून दाखवा, कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. १९६४ च्या अखेरीस कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर, म्हणजे रापा नुईवर गेली. त्या बेटावर विमानतळ होणार होता. बाहेरच्या जगाची वर्दळ सुरू होण्याआधी तिथल्या माणसांचा आणि निसर्गाचा अभ्यास करून ठेवावा, हा हेतू. मोहिमेतले जंतुशास्त्रज्ञ जॉर्ज नोग्रादी यांना एक कोडं पडलं होतं. बेटावर घोडे भरपूर, त्यांच्या लिदीतून धनुर्वाताचे जंतू मातीत जातात, माणसं अनवाणी चालणारी, मग धनुर्वात कसा होत नाही? त्यांनी बेटाचे तुकडे पाडून ठिकठिकाणची माती कुप्यांमध्ये भरली. पुढे ती माती माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली.

तिथे सुरेंद्रनाथ सहगल काम करत होते. जन्म १९३२ चा, फाळणीपूर्व पंजाबातल्या एका खेड्यातला. शिक्षण बनारस हिंदू विश्वविद्यालयात आणि मग ब्रिस्टलला. १९७२ च्या सुमारास त्यांच्या गटाने त्या मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून एक पदार्थ वेगळा काढला. तो बुरशी मारत होता, कँडिडा नावाच्या बुरशीला तर चांगलाच रोखत होता. १९७५ मध्ये त्यावरचे निबंध छापून आले. पण प्राण्यांवर तपासताना दिसलं, की हा पदार्थ रोगप्रतिकारशक्तीही दाबतो. बुरशीवरच्या औषधाला हा दोषच, कारण ज्याला बुरशीचा संसर्ग झालाय त्याची प्रतिकारशक्ती आणखी दाबून कसं चालेल? काम मागे पडलं. पुढे माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली आणि सहगल यांना न्यू जर्सीला जावं लागलं. जाण्याआधी त्यांनी त्या जिवाणूचे नमुने घरी नेले आणि घरच्या फ्रीझरमध्ये जपले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कंपनीला हे काम पुन्हा सुरू करायला लावलं, या वेळी त्याच 'दोषा'साठी. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी सिरोलिमस या नावाने त्याला परवानगी मिळाली. मातीची कुपी भरल्यापासून गोळी होईपर्यंत जवळजवळ ३५ वर्षं. या वर्षांत माणसांनी काय केलं? तो पदार्थ मातीतून वेगळा काढला, शुद्ध केला, आणि किती दिला तर तारतो व किती दिला तर मारतो हे मोजलं. गोळीची किंमत त्या मोजण्यात आहे.

जिवाणूचा आपल्या प्रतिकारशक्तीशी काय संबंध, असं तो विचारेल. त्या जिवाणूचं आपल्याशी काही देणंघेणं नाही. मातीत त्याच्या शेजारी बुरशी असते, जागेसाठी आणि अन्नासाठी झटापट चालते. पेशीने वाढायचं की थांबायचं हे ठरवणारं एक प्रथिन असतं. रॅपामायसिन बुरशीतलं ते प्रथिन अडवतं, म्हणून बुरशीची वाढ थांबते. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी हे प्रथिन पहिल्यांदा ओळखलं, तेही पाव फुगवणाऱ्या साध्या यीस्टमध्ये, आणि त्याला टॉर हे नाव मिळालं. काही वर्षांतच कळलं की जवळजवळ तसंच प्रथिन माणसाच्या पेशीतही आहे. यीस्टपासून माणसापर्यंत उत्क्रांतीने ते फारसं बदललेलंच नाही. बुरशीसाठी बनलेलं हत्यार आपल्या टी पेशींवर चालतं ते यामुळे.

टी पेशी म्हणजे रक्तातल्या परक्याला ओळखून हल्ला करणाऱ्या पेशी. तुमची किडनी त्याच्या शरीराला परकीच वाटते, आईची असली तरी. परकं काही दिसलं की टी पेशीत कॅल्सिन्युरिन नावाचं प्रथिन कामाला लागतं आणि पेशी इंटरल्युकिन-२ सोडते. 'वाढा, गोळा व्हा' अशी ही हाक. त्याची टॅक्रोलिमसची गोळी पेशीत शिरते, तिथल्या एका छोट्या प्रथिनाला चिकटते आणि दोघं मिळून कॅल्सिन्युरिनला अडवतात. हाक निघतच नाही. रॅपामायसिन चिकटतं त्याच छोट्या प्रथिनाला, पण पुढे अडवतं टॉरला. हाक निघते, पेशी ती ऐकून वाढत नाही. मला स्वतःला हे इतक्या वर्षांनीही थक्क करतं. दोन देशांच्या मातीतले दोन जिवाणू, आणि त्यांचे पदार्थ आपल्या पेशीतल्या एकाच प्रथिनाचा हात धरून दोन वेगळी कामं करतात.

आता त्याचा मुद्दा, 'जे मातीतच आहे ते गोळीतून कशाला?'

त्याच्या रक्तात टॅक्रोलिमस किती असावं लागतं ते बघा. एका मिलिलीटर रक्तात साधारण पाच ते दहा नॅनोग्रॅमच्या आसपास; नेमका आकडा त्याचे डॉक्टर ठरवतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. पाटाच्या पाण्याचं जसं असतं, बारं थोडं जास्त वेळ राहिलं तर मुळं सडतात, चुकलं तर पीक वाळतं, तसं या औषधाचं आहे, फक्त इथे हिशेब अब्जांशात चालतो. पातळी घसरली तर शरीर किडनीवर चालून जातं. चढली तर तेच औषध किडनीला इजा करतं, साखर वाढवतं, संसर्गाला दार उघडून देतं. म्हणून गोळीच्या दोन वेळांत बारा तासांचं अंतर, म्हणून रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, म्हणून गोळी रोज एकाच पद्धतीने घ्यायची, जेवणाआधी तर जेवणाआधीच.

तुमच्या रानातल्या चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू आहेत, त्यांत स्ट्रेप्टोमायसिसही नक्की असतील. पण प्रत्येक स्ट्रेप्टोमायसिस टॅक्रोलिमस बनवत नाही. जे बनवतात ते ठराविक परिस्थितीतच बनवतात. कारखान्यात त्यांना मोठ्या टाक्यांमध्ये हवं ते खाद्य आणि हवा देऊन वाढवावं लागतं, आणि मग त्या काढ्यातून औषध वेगळं करावं लागतं. माती हाताळून रक्तात औषधाची पातळी येत नाही. हे त्याला एकदा नीट पटलं की बाकीचं सोपं आहे.

कॅप्सूलबद्दल मी ठाम आहे, त्या मागवू नका. 'मातीतले जिवाणू' म्हणून ज्या कॅप्सूल विकल्या जातात, त्यांत बहुतेक बॅसिलस जातीचे जिवाणू असतात. त्यांचा टॅक्रोलिमसशी काडीचा संबंध नाही. ते जिवंत असतात, त्यांचे बीजाणू पोटातल्या आम्लालाही पुरून उरतात. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णांमध्ये असे जिवाणू आतड्यातून रक्तात उतरल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जुलाब झाले की दुकानदार जी जिवाणूंची कुपी सहज हातात देतो, तीही त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

त्याने आणखी एक गोष्ट वाचली असण्याची शक्यता आहे, आणि ती खोटी नाही. फिनलंडमध्ये २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची ७५ मुलं. काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून घातली, मुलं २८ दिवस त्यात खेळली. त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीचा तोल राखणाऱ्या खुणा सुधारलेल्या दिसल्या. मायकोबॅक्टेरियम व्हॅके नावाचा एक मातीतला जिवाणू आहे. त्याच्यातला एक मेदाम्ल उंदरांच्या पेशींमधला दाह कमी करतो, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं. पुढे यातून दम्यावर किंवा मानसिक ताणावर औषध निघेलही, मला तशी आशा आहे. पण फिनलंडची ती मुलं निरोगी होती आणि कोलोरॅडोचे ते उंदीर होते. या बातम्यांतलं काहीही किडनी बदललेल्या माणसासाठी नाही.

उलट त्याच्यासाठी मातीत एक खरा धोका आहे. स्ट्रेप्टोमायसिसच्याच गोतावळ्यातला, तसाच धाग्यांसारखा वाढणारा, नोकार्डिया नावाचा जिवाणू. तोही मातीतच राहतो. धुळीबरोबर फुप्फुसात जातो किंवा काटा रुतला की कातडीत, आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर तिथून मेंदूपर्यंत पोचू शकतो. शिवाय कुजणाऱ्या पाल्यात आणि भिजलेल्या कडब्यात ॲस्परजिलस आणि म्युकरसारख्या बुरशी असतात. साचलेल्या पाण्यात लेप्टोच्या जंतूंची भीती.

मग शेतात जायचंच नाही का? असं मी म्हणणार नाही. २९ वर्षांच्या शेतकऱ्याला घरात बसवून ठेवलं तर तो औषधांवरच सूड उगवेल, आणि तुमच्या पत्रात मला त्याची सुरुवात दिसते. पहिलं वर्ष फार जपायचं असतं, ते सरलंय. पुढच्या तारखेला डॉक्टरांना थेट विचारा, 'शेतातली कोणती कामं केली तर चालतील?' बहुतेक जण अटींवर हो म्हणतात. ठिबकचं वेळापत्रक, मजुरांची कामं, बाजारभाव, हिशेब, बागेत फेरी मारून फळ बघणं, हे त्याने करावं. शेणखत उकरणं, कंपोस्टचा ढीग परतणं, कडबा आणि भुसा झाडणं, मळणीच्या धुळीत उभं राहणं, गोठा साफ करणं, फवारणी, ही कामं दुसऱ्याकडे द्या. बागेत जाताना गमबूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड हातमोजे, धूळ उडत असेल तर मास्क. डाळिंबाचे काटे विशेष सांभाळायचे. काटा रुतला तर लगेच साबणाने धुवायचं, आणि तिथे गाठ किंवा पू दिसला तर घरी पिळत बसायचं नाही, रुग्णालयात दाखवायचं. डोक्यावर टोपी हवीच, कारण या औषधांवर असणाऱ्यांना उन्हाने त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. १००.४ च्या वर ताप, न थांबणारा खोकला किंवा नवी डोकेदुखी आली तर गावातल्या डॉक्टरांकडून प्रतिजैविक सुरू करण्याआधी रुग्णालयात फोन.

तो फोन का, तेही सांगते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकं आणि बुरशीवरची फ्लुकोनॅझोल ही गोळी टॅक्रोलिमसची पातळी चढवतात. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरचं फेनिटोइन ती पार खाली आणतात. पपनससुद्धा पातळी वाढवतं. गणपतीत घरोघर येतं, त्याला ते देऊ नका. आणि जुलाब लागले तर औषध वाया जात असेल असा आपला अंदाज असतो, पण टॅक्रोलिमसचं उलटं होतं, पातळी अनेकदा वाढते. पावसाळ्यात जुलाब झाले तर मनाने जास्तीची गोळी देऊ नका, फोन करा. दुकानात नेहमीच्या कंपनीची गोळी नसेल आणि दुसऱ्या कंपनीची दिली, तर तेही कळवा.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची काळजी खरी आहे, उपाय मात्र उलटा आहे. त्याची प्रतिकारशक्ती आपोआप कमी झालेली नाही, तुमची किडनी टिकावी म्हणून ती मुद्दाम दाबून ठेवली आहे. तिला चाळवणारं काहीही देणं म्हणजे शत्रूला निरोप धाडणं. गुळवेलीबद्दल आणखी एक : करोनाच्या काळात काढा घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर वाद झाला, तरी किडनी बदललेल्या माणसाने तो धोका पत्करायचं कारण नाही. आमटी-भाजीतली हळद, आलं, लसूण नेहमीप्रमाणे चालू द्या.

आणि थरथर. मला वाटतं, या सगळ्याचं मूळ तिथेच आहे. मातीचा तर्क त्याने नंतर शोधला, आधी त्याला कप धरता येईना झाला. तरुण मुलाला चारचौघांत हात थरथरण्याची किती लाज वाटत असेल, हे डॉक्टरांच्या पाच मिनिटांत बोललं जात नाही. टॅक्रोलिमसने थरथर होते हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर करता येण्यासारखं बरंच आहे. पातळी जास्त असेल तर डोस कमी करता येतो, मॅग्नेशियम कमी असेल तर भरून काढता येतं. दिवसातून एकदाच घ्यायच्या, हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात काहींची थरथर कमी होते. काही रुग्णांना टॅक्रोलिमस कमी करून दुसरं औषध जोडतात, क्वचित त्या रापा नुईच्या सिरोलिमसवरही नेतात. अर्थात त्याचीही दुखणी आहेत : तोंडात फोड, जखमा उशिरा भरणं, कोलेस्टेरॉल. गोळी कमी करायची त्याची इच्छा मुळात चूक नाही. ती डॉक्टरांच्या हातून, रक्त तपासत व्हायला हवी, एवढंच. थरथर कधी होते, किती वेळ राहते, गोळीनंतर किती वेळाने वाढते, हे त्याने आठवडाभर वहीत लिहावं आणि ती वही घेऊन जावं. खर्चामुळे तो गोळ्या वाचवत असेल, तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. तेही विचारून बघा, मुलं हे आईला सांगत नाहीत.

शेवटी तुम्ही न विचारलेलं. संपूर्ण पत्रात तुमच्याबद्दल एकच वाक्य आहे, 'किडनी मीच दिली'. ताई, तुमचीही एकच किडनी उरली आहे. वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं असतं, जन्मभर. गेल्या सव्वा वर्षात ते झालं का? गुडघे दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारून घ्या. उन्हात काम करताना पाणी पीत राहा. त्याच्या पुढच्या तारखेला तुमचंही रक्त आणि लघवी तिथेच द्या, म्हणजे पुण्याची वेगळी फेरी पडणार नाही.